एकट्या वैज्ञानिकांची अकादमी : 'ट्वास'च्या सभासदत्वाची कहाणी

केंब्रिजमध्ये नाव काढलेला पंचवीस वर्षांचा एक तरुण १९५१ साली लाहोरला परतला आणि तिथल्या गव्हर्नमेंट कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. संशोधन चालू ठेवण्याची त्याची फार इच्छा होती. कॉलेजला मात्र त्याच्याकडून शिकवण्याबरोबर आणखी एखादे काम हवे होते : वसतिगृह सांभाळा, हिशेब बघा, नाहीतर फुटबॉलचा संघ घ्या. त्याने फुटबॉल घेतला. ज्या विषयात त्याने जगाला दखल घ्यायला लावली होती, त्या विषयावर बोलायला आसपास कोणी नव्हते.

तशात एके दिवशी मुंबईहून तार आली. भौतिकशास्त्रातला त्या काळचा मोठा माणूस, वोल्फगांग पाउली, मुंबईत आला होता. गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत तेव्हा होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था होती. पाउलीने बोलावले म्हटल्यावर या प्राध्यापकाने रजेचा अर्ज वगैरे काही केला नाही. विमान पकडून तो मुंबईला आला, पाउलीला भेटला आणि जिवाची भूक भागेपर्यंत बोलला. लाहोरला परतल्यावर विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल त्याला जाब विचारण्यात आला. शेवटी ते दिवस बिनपगारी रजेत धरले गेले आणि प्रकरण मिटले.

हा तरुण म्हणजे अब्दुस सलाम. पुढे १९७९ साली ग्लॅशो आणि वाइनबर्ग यांच्याबरोबर त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. मुंबईची ही फेरी त्यांच्या चरित्रात दोन-चार ओळींत उरकली जाते. मला मात्र 'ट्वास' या अकादमीचा इतिहास तिथूनच सुरू होतो असे वाटते. विषयातल्या एका माणसाशी चार दिवस बोलायला मिळावे म्हणून ज्याला नोकरी पणाला लावावी लागली, त्यालाच पुढे सुचले की गरीब देशांतल्या वैज्ञानिकाला सर्वांत आधी सोबत हवी. पैसा, यंत्रे, पुस्तके हे सगळे त्यानंतर.

सलाम १९५४ साली लाहोर सोडून केंब्रिजला परतले. देश सोडावा की भौतिकशास्त्र सोडावे, एवढाच पर्याय त्यांच्यापुढे उरला होता. त्यांनी देश सोडला आणि ती सल आयुष्यभर बाळगली. पुढच्या माणसावर ही पाळी येऊ नये म्हणून इटलीच्या ईशान्य टोकाला, त्रिएस्ते शहरात, १९६४ साली त्यांनी सैद्धांतिक भौतिकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभे केले. त्रिएस्तेतले भौतिकशास्त्रज्ञ पाओलो बुदिनिच यांची त्यांना साथ होती. केंद्राची एक योजना फार साधी होती. विकसनशील देशांतल्या प्राध्यापकाने आपली मायदेशातली जागा न सोडता, काही वर्षांत दोन-तीन वेळा, दीड-दोन महिने इथे येऊन राहावे. ग्रंथालयात बसावे, फळ्याशी वाद घालावा, ताजेतवाने होऊन परत जावे. एड्रियाटिक समुद्राच्या काठी, मिरामारेच्या पांढऱ्या किल्ल्याच्या शेजारी ते आवार आहे. हिवाळ्यात 'बोरा' नावाचा थंड, झोंबणारा वारा डोंगरावरून खाली उतरतो तेव्हा तिथे रस्त्यावर माणसाला तोल सावरून चालावे लागते. उष्ण देशांतून येणाऱ्या शेकडो अभ्यासकांनी तो वारा अंगावर घेतलेला आहे.

केंद्र उभे राहिले, तरी सलाम यांना ते अपुरे वाटत होते. एक तर तिथे भौतिकशास्त्र आणि गणित यांचेच राज्य. कीटकशास्त्रज्ञ, वनस्पतींवर काम करणारा रसायनज्ञ, रोगांवर काम करणारा डॉक्टर यांनी कुठे जावे? आणि दुसरी अडचण याहून खोल होती. युरोपात राजाश्रयाने वाढलेल्या अकादम्यांना तीन-तीनशे वर्षांची परंपरा होती. त्यांच्या सभासदाच्या शब्दाला सरकारदरबारी वजन असे. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या कितीतरी देशांत अकादमीच नव्हती. तिथला उत्तम वैज्ञानिकही मंत्र्याच्या दारात उभा राहिला की एक सरकारी नोकर ठरत होता. त्याच्या पाठीशी समव्यावसायिकांची मान्यता नव्हती, म्हणून त्याच्या सल्ल्याला किंमत नव्हती.

ऑक्टोबर १९८१ मध्ये रोमला पोपच्या विज्ञान अकादमीची सभा होती. तिथे जमलेल्या विकसनशील देशांतल्या वैज्ञानिकांशी बोलताना सलाम यांनी कल्पना मांडली : आपली स्वतःची एक अकादमी काढू, जिचा सभासद कोणत्याही एका देशाचा नसेल. दोन वर्षांनी, १० नोव्हेंबर १९८३ रोजी, त्रिएस्तेत तिची स्थापना झाली. नाव ठेवले 'थर्ड वर्ल्ड अकॅडमी ऑफ सायन्सेस', म्हणजे तिसऱ्या जगाची विज्ञान अकादमी. आद्याक्षरे जोडून 'ट्वास'. संस्थापक सभासद ४२ होते आणि त्यांत ९ नोबेल-मानकरी. आपल्याकडचे एम. जी. के. मेनन आणि सी. एन. आर. राव सुरुवातीपासून त्यात होते. केनियाचे कीटकशास्त्रज्ञ थॉमस ओडियांबो होते, ज्यांनी नैरोबीत कीटकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था शून्यातून उभी केली.

सभासद कोणाला करायचे, या प्रश्नावर अकादमीचा सगळा पिंड ठरणार होता. दर्जा सैल करून गरीब देशांना सांभाळून घ्यायचे की जागतिक कस लावायचा? सलाम आणि त्यांच्या सोबत्यांनी दुसरा मार्ग धरला. सभासद विकसनशील देशांचा असावा, पण त्याचे काम जगात कुठेही मांडले तरी टिकणारे असावे. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. सवलतीत मिळालेला मान त्या माणसाच्या उपयोगी पडला नसता, आणि त्याच्या देशाच्या तर मुळीच नाही.

दुसरा पेच नाजूक होता. जन्म भारतात, चीनमध्ये, अर्जेंटिनात, आणि सारे काम अमेरिकेत किंवा युरोपात, अशा माणसांचे काय? त्यांना परके म्हणावे तर सलाम स्वतःच लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात शिकवत होते. म्हणून सुरुवातीला दोन वर्ग केले. विकसनशील देशांतला वैज्ञानिक 'फेलो'. श्रीमंत देशांत काम करणारा, पण मूळचा विकसनशील देशातला किंवा ज्याच्या कामाचा अशा देशांना मोठा उपयोग झाला असा वैज्ञानिक 'असोसिएट फेलो'. पुढे हा भेद उरला नाही. प्रमाण मात्र राखले गेले : आज दर शंभर सभासदांत ऐंशीहून अधिक विकसनशील देशांतले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या परिभाषेत या देशांना 'दक्षिण' म्हणतात आणि श्रीमंत देशांना 'उत्तर'. अकादमीच्या कागदपत्रांतही हेच शब्द आहेत, म्हणून इथेही तेच वापरतो.

५ जुलै १९८५ रोजी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस हावियेर पेरेझ दे क्वेयार यांनी त्रिएस्तेत अकादमीचे रीतसर उद्घाटन केले. उद्घाटनाच्या परिषदेत व्याख्याने झाली, ठराव झाले. पण खरी घटना निराळीच होती. आफ्रिकेतून आलेले वैज्ञानिक एका ठिकाणी जमले आणि आपल्या खंडाची एक अकादमी असावी असे त्यांच्यात ठरले. ओडियांबो यांच्या पुढाकाराने त्यातून आफ्रिकन अकॅडमी ऑफ सायन्सेस जन्माला आली आणि तेच तिचे पहिले अध्यक्ष झाले. ज्या माणसांना एकमेकांना भेटायला आपल्या खंडात जागा नव्हती, ती इटलीत भेटली आणि घरी परतून त्यांनी आपले घर बांधले. अकादमीच्या चाळीस वर्षांतून एकच प्रसंग निवडायला सांगितला तर मी हा निवडीन.

सभासदत्व म्हणजे मानपत्र नव्हे, हे सुरुवातीच्या योजनांवरूनही दिसते. १९८६ पासून अकादमीने संशोधनासाठी छोटी अनुदाने द्यायला सुरुवात केली. रक्कम काही हजार डॉलर, आणि ती पगारावर खर्च करायची नाही अशी अट. उपकरणे, रसायने, पुस्तके यांपुरतीच. कोणते प्रस्ताव चांगले हे ठरवायला सभासदांचा अनुभव हाताशी होताच. पण मला भावते ती दुसरी, त्याहून लहान योजना : सुट्या भागांची. विकसनशील देशातल्या कुठल्याही विद्यापीठात पाऊल ठेवलेल्या माणसाला हे दृश्य ठाऊक आहे. कोपऱ्यात स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, त्यावर प्लॅस्टिकचे आवरण आहे, आवरणावर धूळ आहे. यंत्र लाखोंचे, बंद पडले आहे ते आतल्या एका दिव्यासाठी. दिवा परदेशातून मागवायचा तर परकीय चलन हवे, परवाना हवा, कस्टममधून सोडवून आणणारा हवा. तोवर दोन वर्षे जातात आणि पीएच. डी.चा विद्यार्थी विषय बदलतो. अकादमीने असे सुटे भाग मिळवून थेट प्रयोगशाळेत पाठवायची सोय केली. लाखोंचे यंत्र काही शे डॉलरांत पुन्हा चालू होत असे. ज्यांनी स्वतः बंद यंत्रांसमोर दिवस काढले आहेत त्यांनाच अशी योजना सुचते.

आता निवडीबद्दल. सभासद दरवर्षी निवडले जातात आणि निवडतात ते आधीचे सभासदच. नाव सुचवायचे ते विद्यमान सभासदांनी, किंवा देशोदेशींच्या अकादम्या, विद्यापीठे आणि संशोधन संस्थांनी. शेतीपासून खगोलशास्त्रापर्यंत आणि गणितापासून वैद्यकापर्यंत विषयवार विभाग आहेत. सामाजिक व आर्थिक शास्त्रांचा विभाग नंतर जोडला गेला. प्रत्येक विभागाची समिती आलेली नावे तपासते, मग ती कार्यकारी मंडळाकडे आणि तिथून सभासदांच्या मतदानाला जातात. एकदा निवडलेला सभासद आयुष्यभर सभासद. ४२ पासून सुरू झालेली ही यादी आज चौदाशेच्या आसपास पोहोचली आहे आणि शंभराहून अधिक देशांतली माणसे तिच्यात आहेत.

या यादीचा एक गुण नकाशावर बोट ठेवून पाहावा असा आहे. ज्या देशांची सरकारे एकमेकांशी बोलत नाहीत त्यांचे वैज्ञानिक इथे एका समितीत बसतात, एकमेकांच्या देशातल्या उमेदवारांच्या कामाचे मोल करतात. भारताचे आणि पाकिस्तानचे सभासद हे याचे आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण. सभाही फिरत्या : १९८७ साली बीजिंग, २००० साली तेहरान, पुढे अलेक्झांड्रिया, ब्राझीलमधले अंग्रा दोस रेइस, मस्कत, किगाली. २०१० ची सभा हैदराबादला झाली आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी तिचे उद्घाटन केले.

सलाम १९९४ पर्यंत अध्यक्ष होते. अखेरच्या वर्षांत असाध्य आजाराने त्यांचे चालणे-बोलणे हळूहळू हिरावून घेतले. २१ नोव्हेंबर १९९६ रोजी ऑक्सफर्डला त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर ब्राझीलचे होसे इस्रायल वार्गास, मग २००० ते २००६ सी. एन. आर. राव, मग ब्राझीलचेच गणितज्ञ जाकोब पालिस, मग चीनचे बाय चुन्ली, आणि त्यानंतर सुदानचे मोहम्मद हसन. हसन यांचे नाव अध्यक्षांच्या ओळीत आले तरी त्यांचे काम त्याआधीचे आहे. खार्टूम विद्यापीठात वाऱ्याने वाहून जाणाऱ्या वाळूचे गणित मांडणारा हा माणूस अकादमीच्या आरंभापासून तिचा कार्यकारी संचालक होता आणि पंचवीसहून अधिक वर्षे त्याने तिची घडी बसवली. मोठ्या संस्थापकाच्या सावलीत असा एक माणूस लागतोच. तो मिळाला नाही म्हणून बुडालेल्या संस्था आपल्याकडेही कमी नाहीत.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो. इटलीच्या सरकारने सुरुवातीपासून हात दिला. १९९१ पासून निधीची आणि कर्मचाऱ्यांची व्यवस्था युनेस्कोकडे गेली. २००४ साली इटलीने कायदाच करून वार्षिक अर्थसाहाय्य कायम केले. गरीब देशांच्या अकादमीचा कणा एका युरोपीय देशाच्या तिजोरीवर उभा आहे, ही गोष्ट लपवण्यासारखी नाही आणि इटलीबद्दल कृतज्ञता वाटावी अशीच आहे. हळूहळू दक्षिणेच्या देशांनीही भार उचलला. बीजिंग, रिओ दि जानेरो, बंगळुरू, अलेक्झांड्रिया आणि आफ्रिकेत अशी पाच प्रादेशिक केंद्रे झाली. बंगळुरूचे केंद्र जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात आहे आणि मध्य व दक्षिण आशियाचे काम पाहते. चीन, भारत, ब्राझील यांनी आपल्या प्रयोगशाळा इतर विकसनशील देशांतल्या पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांना खुल्या केल्या. आपल्याकडे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या (सीएसआयआर) प्रयोगशाळा या योजनेत आल्या आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ही सीएसआयआरचीच.

नावाचीही एक कथा आहे. 'तिसरे जग' हा शब्द फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड सोव्ही यांनी १९५२ साली वापरात आणला. तेव्हा अमेरिकेचा एक गट, रशियाचा दुसरा आणि उरलेले तिसरे, असा अर्थ होता. शीतयुद्ध संपल्यावर पहिल्या-दुसऱ्याचा हिशेब मोडला आणि 'तिसरे' म्हणजे 'कनिष्ठ' एवढाच वास उरला. २००४ साली नाव बदलून 'विकसनशील जगाची विज्ञान अकादमी' झाले. २०१२ साली चीनमधल्या त्यानजिनच्या सभेत पुन्हा बदलून 'द वर्ल्ड अकॅडमी ऑफ सायन्सेस' झाले. इंग्रजी आद्याक्षरे तीच ठेवली. माझे मत विचाराल तर जुन्या नावात एक ताठ मान होती. नव्यात ती थोडी हरवली. 'विकसनशील देशांतील विज्ञानाच्या प्रगतीसाठी' हे शब्द मात्र आजही नावाला जोडून आहेत, ही समाधानाची गोष्ट.

आता उणे बाजू, कारण ती टाळली तर इतिहास अपुरा राहतो. चीन, भारत आणि ब्राझील या तीन देशांचे सभासद यादीत फार मोठ्या संख्येने आहेत. हे समजण्यासारखे आहे. जिथे प्रयोगशाळा तिथे काम, जिथे काम तिथे मान्यता. शिवाय ज्या देशाचे सभासद जास्त, त्या देशाच्या उमेदवाराला सुचवणारेही जास्त. उलट ज्या देशाचा एकही सभासद नाही तिथल्या वैज्ञानिकाचे नाव पुढे करणार कोण? म्हणजे ज्या एकाकीपणावर उपाय म्हणून अकादमी काढली, तोच तिच्या दारात उभा. अकादमीने हे ओळखले. विज्ञानात मागे राहिलेल्या देशांची यादी तयार केली आणि त्यांच्यासाठी वेगळी अनुदाने, वेगळ्या पाठ्यवृत्त्या ठेवल्या. त्या यादीत आज ६६ देश आहेत. अत्यंत अविकसित देशांतल्या वैज्ञानिकांसाठी सी. एन. आर. राव यांच्या नावाचे पारितोषिकही आहे. तरीही तोल साधलेला नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर फार उशीर झाला. संस्थेच्या यादीत वर्षानुवर्षे पुरुषांचीच नावे ओळीने दिसतात. यावर उपाय म्हणून अकादमीच्या छायेतच एक वेगळी संघटना १९८९ साली आकाराला आली आणि १९९३ मध्ये कैरोत तिचे रीतसर काम सुरू झाले : विकसनशील देशांतल्या वैज्ञानिक स्त्रियांची संघटना. तिच्या पहिल्या अध्यक्ष लिडिया माखुबू, स्वाझीलँडच्या रसायनशास्त्रज्ञ. आपल्या देशातले वैद्य वापरतात त्या वनस्पतींचा त्यांनी अभ्यास केला. १९९८ पासून ही संघटना गरीब देशांतल्या मुलींना दुसऱ्या विकसनशील देशात पीएच. डी. करायला पाठ्यवृत्ती देते. मूल लहान आहे, घर सोडता येत नाही, अशा बाईला काही काळ मायदेशी आणि काही काळ यजमान देशात काम करण्याची मुभाही तीत आहे. या योजनेतून पुढे आलेल्या बायकांची रांग आता मोठी आहे. खुद्द ट्वासच्या अध्यक्षपदी २०२३ साली दक्षिण आफ्रिकेच्या कुरैशा अब्दुल करीम आल्या. एचआयव्हीचा संसर्ग तरुण मुलींना कसा टाळता येईल यावर त्यांनी आयुष्य घातले आहे. चाळीस वर्षांत या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्याच स्त्री.

तरुणांसाठीही दार २००७ साली उघडले. चाळिशीच्या आतले, पाचही प्रदेशांतून निवडलेले काही वैज्ञानिक दरवर्षी पाच वर्षांसाठी संलग्न सभासद होतात. केस पिकेपर्यंत थांबायला लावणाऱ्या अकादम्यांच्या जगात हे पाऊल आवश्यकच होते.

महाराष्ट्राचे आणि गोव्याचे या यादीशी नाते जुने आहे. जयंत नारळीकर सभासद होते. गोव्यातल्या माशेलला जन्मलेले आणि मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिकलेले रघुनाथ माशेलकर सभासद आहेत. माधव गाडगीळ यांचे नाव त्यात आहे. मुंबईच्या टाटा संस्थेत घडलेले गणितज्ञ एम. एस. नरसिंहन यांना १९८७ साली अकादमीचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे त्रिएस्तेला जाऊन त्यांनी सलाम यांच्या केंद्रात गणित विभाग सांभाळला. ज्या संस्थेत बोलायला म्हणून सलाम लाहोरहून धावत आले होते, तिथलाच एक माणूस सलाम यांच्या घरी विभागप्रमुख झाला.

हे वाचणाऱ्यांत विद्यापीठांचे विभागप्रमुख असतील, संशोधन संस्थांचे संचालक असतील, एखादे सभासदही असतील. त्यांना एक विनंती आहे. या अकादमीत आपले नाव आपल्याला सुचवता येत नाही. नेपाळ, भूतान, म्यानमार किंवा पूर्व आफ्रिकेतल्या कुणाबरोबर आपण निबंध लिहिला असेल, कुणाच्या प्रबंधाचे परीक्षण केले असेल, कुणाचे काम वाचून मान डोलावली असेल आणि त्याच्या देशातून त्याचे नाव पाठवणारे कोणी नसेल, तर ते नाव आपण पाठवा. नावे दरवर्षी मागवली जातात.